शेवटच्या कवचात किती आणि कामाला किती : संयुजा समजून घेताना

ऑक्सिजनची संयुजा, म्हणजे त्याचा अणू दुसऱ्या अणूंशी किती बंध जुळवतो तो आकडा, विचारली की नववीच्या वर्गातून हमखास दोन उत्तरं येतात. कुणी 'दोन' म्हणतं, कुणी 'सहा'. 'सहा' म्हणणारं पोर चुकलेलं असतं, पण अर्धी वाट ते बरोबर चाललेलं असतं. त्यानं ऑक्सिजनचं संरूपण, म्हणजे कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन ती मांडणी, लिहिलेलं असतं, २, ६, आणि शेवटचा आकडा उचलून ते तिथंच थांबलेलं असतं. 'दोन' म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी मात्र पुस्तकातला तक्ता पाठ केलेला असतो. त्यांना लगेच सिलिकॉनची संयुजा विचारली की सगळे गप्प. मला पहिल्या पोराला शिकवणं सोपं जातं, कारण त्याला फक्त पुढची पायरी दाखवायची असते.

मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. घरी द्राक्षबाग आहे. वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरीही द्राक्षं, नाहीतर ऊस, नाहीतर हळद. मोरचूद, चुना, गंधक, पोटॅश, युरिया ही नावं या पोरांच्या कानावर आवर्तसारणीच्या कितीतरी आधी पडलेली असतात. म्हणून मी उदाहरणं शक्यतो गोडाऊनमधल्या पोत्यांवरूनच घेते. पुढचं सगळं अशा पोरांसाठी आणि संध्याकाळी त्यांना घेऊन बसणाऱ्या आईबापांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी वहीत दोन रकाने आखा. पहिल्या रकान्यात लिहायचं, अणूच्या शेवटच्या कवचात एकूण इलेक्ट्रॉन किती. यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. दुसऱ्यात लिहायचं, दुसऱ्या अणूशी बंध जुळवताना त्या अणूनं किती इलेक्ट्रॉन दिले, किती घेतले किंवा किती भागीदारीत घातले. ती संयुजा. ऑक्सिजनच्या पहिल्या रकान्यात सहा, दुसऱ्यात दोन. सोडिअमच्या दोन्ही रकान्यांत एक. कार्बनच्या दोन्ही रकान्यांत चार. काही मूलद्रव्यांत हे आकडे सारखे येतात म्हणूनच पोरांना दोन्ही गोष्टी एक वाटतात. हे दोन रकाने पक्के झाले की निम्मा धडा झाला असं समजा.

पहिला रकाना भरायला अणुअंक लागतो. अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, आणि अणू उदासीन असतो तेव्हा इलेक्ट्रॉनही तेवढेच. पहिल्या कवचात दोन मावतात, दुसऱ्यात आठ. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची दुप्पट केली की त्या कवचात जास्तीत जास्त किती मावतात ते कळतं. लहान पोरांना मी हे फरशीवर खडूनं वर्तुळं काढून आणि चिंचोके मांडून करायला लावते. क्लोरीनचे सतरा चिंचोके मोजून घ्यायचे. आतल्या वर्तुळावर दोन, मग आठ, आणि उरतात सात. हातानं मांडलं की 'उरले किती' हा प्रश्न वेगळा विचारावाच लागत नाही.

अडचण येते ती पोटॅशिअमला. अणुअंक १९. हिशोबानं तिसऱ्या कवचात अठरा मावतात, म्हणून हुशार पोरं २, ८, ९ असं लिहून मोकळी होतात. त्यांचा नियम बरोबर आहे, पण सोबत दुसरा नियमही पाळायचा असतो : सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर इलेक्ट्रॉन राहत नाहीत. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २. 'असं का' हे विचारणाऱ्या पोराला गप्प करू नये. कवचांच्या आत उपकवचं असतात. तिसऱ्या कवचातली पहिली दोन उपकवचं मिळून आठ इलेक्ट्रॉन घेतात. तिसरं, ज्याला 'डी' म्हणतात, ते दहा इलेक्ट्रॉनांचं आहे. पण पोटॅशिअमच्या एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनाला त्या 'डी'मध्ये बसण्यापेक्षा चौथ्या कवचातल्या पहिल्या उपकवचात बसणं कमी ऊर्जेचं पडतं. 'डी' भरायला लागतं ते अणुअंक २१ च्या स्कँडिअमपासून. अकरावीला हे सविस्तर येईलच. नववीला एवढा पुरावा पुरे की पोटॅशिअम पाण्याशी अगदी सोडिअमसारखंच वागतं, उलट जास्तच जोरानं. त्याच्या बाहेरच्या कवचात नऊ इलेक्ट्रॉन असते तर ते असं वागलं नसतं.

आता या विषयाचा जो गाभा आहे तिथं थोडं थांबते. सगळा खेळ बाहेरच्याच इलेक्ट्रॉनांचा का? आणि सोडिअम एकच का देतं, दोन का नाही?

याचं उत्तर बहुतेक वेळा 'अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात' असं एका वाक्यात दिलं जातं. मला ते वाक्य वर्गात नको वाटतं. अणूला हवं-नको असं काही नसतं. त्या वाक्यानं पोराचं समाधान होतं आणि त्याचं विचारणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा आकडे दाखवावेत. अणूतून एकेक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते हे मोजलेलं आहे. त्याला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. सोडिअममधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागं (मोल म्हणजे अणूंची एक ठरलेली मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल लागतात. दुसऱ्याला ४,५६२. म्हणजे एकदम नऊपटीच्या वर. मॅग्नेशिअमचे आकडे बघा : ७३८, मग १,४५१, आणि तिसऱ्याला ७,७३३. ॲल्युमिनिअमचे : ५७८, १,८१७, २,७४५, आणि चौथ्याला ११,५७७.

हे तीन ओळीत फळ्यावर लिहायचं आणि एवढंच विचारायचं, उडी कुठं आहे? सोडिअमला एकानंतर, मॅग्नेशिअमला दोनांनंतर, ॲल्युमिनिअमला तीनांनंतर. संरूपण न मांडताच बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते पोरं सांगून टाकतात. वर्गात अशा वेळी जी कुजबुज होते ती मला फार आवडते. लगेच एक निनावी मूलद्रव्य द्यावं : ५९०, १,१४५, ४,९१२. बाहेर किती? दोन. हे कॅल्शिअम. आकड्यांचा आलेख काढून घेतला तर आणखी चांगलं, कवच जिथं संपतं तिथं रेघ सरळ उभी चढते.

उडी का येते तेही समजण्यासारखं आहे. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. पण बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनाच्या आणि केंद्रकाच्या मधे आतले दहा इलेक्ट्रॉन आहेत, ते केंद्रकाची ओढ बरीच अडवतात. कच्चा हिशोब केला तर त्या इलेक्ट्रॉनावर अकरा वजा दहा, म्हणजे एकाच प्रभाराची ओढ राहते. तो निघून गेला की पुढचा इलेक्ट्रॉन काढायचा तो दुसऱ्या कवचातला. त्याच्या आत फक्त दोन आहेत. अकरा वजा दोन, नऊ. त्यात तो केंद्रकाच्या जवळही आहे. क्लोरीनसाठी हीच वजाबाकी करा : सतरा वजा दहा, सात. खरे आकडे याहून वेगळे निघतात, कारण आतले इलेक्ट्रॉन सगळी ओढ अडवत नाहीत आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉनही एकमेकांच्या थोडे आड येतात. पण दिशा बरोबर कळते. आवर्तसारणीच्या एकाच आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडं जाताना बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड घट्ट होत जाते. म्हणूनच सोडिअमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटरच्या आसपास आणि क्लोरीनची ९९ च्या आसपास. इलेक्ट्रॉन जास्त असूनही क्लोरीनचा अणू लहान असतो. त्याच्याकडून सात इलेक्ट्रॉन काढून घेणं परवडत नाही, आणि बाहेरून आलेला एक इलेक्ट्रॉन मात्र तो धरून ठेवतो.

'परवडत नाही' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण मिठाचा जमाखर्च खरंच मांडता येतो. सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्च. तो क्लोरीनला मिळाला की ३४९ परत येतात. इथपर्यंत १४७ चा तोटाच आहे. म्हणजे 'सोडिअम आनंदानं इलेक्ट्रॉन देतं' हे खरं नाही. तोटा भरून येतो तो पुढं, जेव्हा हे धन आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्यानं प्रभार आलेले अणू) एकमेकांना ओढून मिठाचा स्फटिक बांधतात. त्यात एका मोलमागं ७८७ च्या आसपास किलोज्यूल बाहेर पडतात. आता दुसरा इलेक्ट्रॉनही काढायचा म्हटलं तर खर्चाच्या बाजूला आणखी ४,५६२ येऊन पडतात. स्फटिक कितीही घट्ट बांधला तरी एवढी ऊर्जा परत येत नाही. म्हणून सोडिअमची संयुजा एक. पाठ करायची गरजच उरली नाही.

हे समजलं की दुसरा रकाना भरायचा नियम पोरं स्वतःच तयार करतात. बाहेर एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन असतील तर तेवढीच संयुजा. पाच, सहा, सात असतील तर आठातून वजा करा : नायट्रोजन तीन, ऑक्सिजन दोन, क्लोरीन एक. चार असतील, जसे कार्बन आणि सिलिकॉनला, तर चार देणंही महाग आणि चार घेणंही, म्हणून भागीदारी. बाहेर आठ पूर्ण झालेले असतील तर शून्य. हायड्रोजन आणि हेलिअमला आठाचा नियम लावू नका, त्यांचं पहिलं कवच दोनातच भरतं. हेलिअमच्या पहिल्या रकान्यात दोन आणि दुसऱ्यात शून्य येतं. पेपरात हे विचारलं जातं.

आवर्तसारणी समोर असेल तर संरूपण मांडायचीही गरज नाही. गण म्हणजे सारणीतली उभी ओळ. गण १ ला एक, गण २ ला दोन, आणि गण १३ ते १८ च्या क्रमांकातून दहा वजा केले की संयुजा इलेक्ट्रॉन मिळतात. हेलिअम तेवढा अपवाद. मधल्या गण ३ ते १२ ला हे लागू पडत नाही, त्यांच्याकडं नंतर येते.

एक गोष्ट पोरांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. संयुजा आधी कळली, इलेक्ट्रॉन नंतर सापडला. एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता ठरलेली दिसते. कार्बनची चार असते हे केकुले यांनी १८५८ मध्ये मांडलं. मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी १८६९ ची. आणि जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ मध्ये. तोवर ही माणसं फक्त वजनं करत होती आणि कशाशी किती जुळतं ते मोजत होती. शेवटच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांशी याची सांगड घातली गेली ती १९१६ मध्ये. गिल्बर्ट लुईस यांनी अमेरिकेत आणि वाल्थर कोसेल यांनी जर्मनीत, एकाच वर्षी. फ्रँकलंडच्या काळातली ही पद्धत आजही कामाला येते. एखाद्या मूलद्रव्याची संयुजा आठवत नसेल तर त्याचं हायड्रोजनबरोबरचं संयुग आठवा आणि हायड्रोजन मोजा. पाण्यात ऑक्सिजनला दोन, अमोनियात नायट्रोजनला तीन, मिथेनमध्ये कार्बनला चार.

आता युरिया. प्रत्येकाच्या घरात पोतं असतं आणि त्यावर ४६ टक्के नायट्रोजन असं छापलेलं असतं. १८२८ मध्ये व्होलर यांनी तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला, तोवर तो फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होतो असं मानत. भागीदारी शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. वहीच्या मधोमध कार्बन लिहा. वर ऑक्सिजन, खाली डाव्या-उजव्या अंगाला एकेक नायट्रोजन, आणि प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन.

आधी संयुजा इलेक्ट्रॉनांची बेरीज. कार्बनचे चार, ऑक्सिजनचे सहा, दोन नायट्रोजनचे मिळून दहा, चार हायड्रोजनचे चार. एकूण चोवीस, म्हणजे बारा जोड्या. आता प्रत्येक शेजाऱ्यांमध्ये एकेक जोडी ठेवा : कार्बन-ऑक्सिजन एक, कार्बन-नायट्रोजन दोन, नायट्रोजन-हायड्रोजन चार. सात जोड्या गेल्या. कार्बनकडं बघा, त्याचे तीनच बंध झाले, त्याला चार लागतात. नायट्रोजनचे तीन झाले, त्याचं भागलं. ऑक्सिजनचा एकच झाला, त्याला दोन हवेत. मग कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये आणखी एक जोडी जाते आणि तिथं दुहेरी बंध होतो. आठ जोड्या संपल्या, चार उरल्या. त्या बंधात जात नाहीत. दोन ऑक्सिजनवर आणि एकेक प्रत्येक नायट्रोजनवर ठिपक्यांनी दाखवायच्या. शेवटी मोजून बघा : कार्बनभोवती आठ, ऑक्सिजनभोवती आठ, प्रत्येक नायट्रोजनभोवती आठ, प्रत्येक हायड्रोजनभोवती दोन.

पहिल्या रकान्यातले आणि दुसऱ्या रकान्यातले आकडे वेगळे का असतात ते या एका चित्रात डोळ्यांना दिसतं. ऑक्सिजनच्या सहापैकी दोन इलेक्ट्रॉन कामाला लागले, चार तसेच जोड्यांनी बसून राहिले. नायट्रोजनच्या पाचातले तीन गेले, दोन राहिले. हे चित्र पोरानं स्वतः, वहीत न बघता, कोऱ्या कागदावर काढून दाखवेपर्यंत मी पुढं सरकत नाही. आठवडा गेला तरी चालेल.

रेणुसूत्र लिहिणं त्यामानानं सोपं. दोन चिन्हं शेजारी लिहा, खाली संयुजा लिहा, आणि संयुजांची तिरकी अदलाबदल करा. बेदाण्यासाठी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशिअम कार्बोनेटच्या द्रावणातून काढतात, ते इथं घ्या. पोटॅशिअमची संयुजा एक, कार्बोनेट मूलकाची (मूलक म्हणजे एकत्र वावरणारा, प्रभार असलेला अणूंचा गट) दोन. अदलाबदल केली की दोन पोटॅशिअमला एक कार्बोनेट. दोन्ही संयुजा सारख्या असतील तर भाग घालून टाका, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात तांबं दोन आणि सल्फेट दोन, म्हणून एकास एक. मूलक एकापेक्षा जास्त वेळा आला तर त्याला कंस घालायचा. विझवलेल्या चुन्यात एका कॅल्शिअमला हायड्रॉक्साइड दोनदा येतो, तिथं कंस विसरला तर दोन ऑक्सिजनऐवजी एकच लिहिला जातो.

आता नियम कुठं अपुरा पडतो ते. हे लपवून ठेवलं तर पुढच्या इयत्तेत पोराला वाटतं आपल्याला खोटं शिकवलं.

बोरॉनच्या बाहेर तीन इलेक्ट्रॉन. तीन फ्लुओरिनशी भागीदारी केल्यावरही त्याच्याभोवती सहाच होतात, आठ नाहीत, आणि तो रेणू तरीही असतो. दुसऱ्या टोकाला गंधक. बाहेर सहा इलेक्ट्रॉन, आठातून वजा केले तर संयुजा दोन. हायड्रोजन सल्फाइडमध्ये ती दोनच आहे, सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो वायू. पण बेदाण्याला सोनेरी रंग राहावा म्हणून शेडमध्ये गंधक जाळून धुरी देतात तेव्हा जो घसा धरणारा वायू निघतो, त्या सल्फर डायऑक्साइडमध्ये गंधकाचे चार इलेक्ट्रॉन गुंतलेले असतात. आणि मोरचुदाच्या सल्फेटमध्ये सहाच्या सहा. बाहेरच्या कवचात जेवढे आहेत तेवढे सगळे कामाला लावता येतात, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून गंधकाला सहा ही वरची हद्द. ऑक्सिजनलाही बाहेर सहाच आहेत, पण त्याच्या लहानशा अणूभोवती एवढे शेजारी मावत नाहीत आणि इलेक्ट्रॉनांवरची त्याची पकडही फार घट्ट, म्हणून तो दोनावरच राहतो. राजवायूंची, म्हणजे गण १८ मधल्या हेलिअम, झेनॉनसारख्या वायूंची, संयुजा शून्य, हेही १९६२ पर्यंतच पक्कं होतं. त्या वर्षी नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, पकड सैल. तीच वर केलेली वजाबाकी आणि तेच अंतर इथंही लागू पडतं.

राहिले मधले गण. तांबं, लोखंड. यांच्यात बाहेरच्या कवचाच्या लगेच आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही जवळपास तेवढ्याच ऊर्जेचे असतात, त्यामुळं तेही व्यवहारात उतरतात. तांब्याचं संरूपण २, ८, १८, १. एक इलेक्ट्रॉन गेला तर संयुजा एक. आतल्या अठरातला आणखी एक गेला तर दोन. मोरचुदातलं तांबं दोनवालं.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्षावर केवडा हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं चालत नाही. द्रावण तयार झालं की आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, विळ्याचं पातं घासून चकचकीत करतात आणि द्रावणात धरून ठेवतात. थोड्या वेळानं बाहेर काढून उन्हात तिरकं करून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा आणि परत बघायचं. पातं स्वच्छ निघालं तर फवारायला हरकत नाही. त्यांच्या वडिलांनीही असंच केलं असणार.

पात्यावर जे घडतं ते सगळं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं काम आहे. चुना पुरेसा असेल तर तांब्याचा प्रत्येक आयन दोन हायड्रॉक्साइडशी जुळून कॉपर हायड्रॉक्साइड होतो, आणि कॅल्शिअमला सल्फेट मिळतं. दोनाला दोन. चुना कमी पडला तर तांब्याचे मोकळे आयन पाण्यात राहतात. त्यांची गाठ पडते विळ्याच्या लोखंडाशी. लोखंडाचं संरूपण २, ८, १४, २. ते बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देतं आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतं. दोन इलेक्ट्रॉन मिळालेला तांब्याचा आयन पुन्हा धातू होऊन पात्यावर बसतो. तोच तो तांबूस थर. हेच मोकळं तांबं कोवळ्या पानावर पडलं तर पान करपतं, म्हणून ही तपासणी. वर्गात हे करायचं तर परीक्षानळीत मोरचुदाचं निळं द्रावण आणि घासलेला खिळा पुरतो. पोरांना आधी विचारा, द्रावणाचा निळा रंग का फिका होतो. तांबं आयनरूपात पाण्यात उरलं नाही, हे उत्तर त्यांनी स्वतः द्यायला हवं. द्रावण सिंकमध्ये न ओतता बाजूला जमा करा आणि हात धुवायला लावा, मोरचूद विषारी आहे.

लोखंडाचं प्रकरण इथं संपत नाही. बाहेरचे दोन गेल्यावर उरतं २, ८, १४. त्या चौदातला आणखी एक गेला तर संयुजा तीन होते. पहिलं फेरस, दुसरं फेरिक. वेलीची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोह कमी पडलं म्हणून फेरस सल्फेट फवारतात. त्याचं ताजं द्रावण फिकट हिरवं असतं. पंप बंद पडला, माणूस आला नाही, अशा कारणानं ते पिंपात उघडं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पिवळट तपकिरी झालेलं दिसतं आणि तळाला गाळ बसतो. हवेतल्या ऑक्सिजननं लोखंडाचा तिसरा इलेक्ट्रॉन काढून घेतलेला असतो. तीनवालं लोखंड पाण्यात नीट विरघळून राहत नाही, पानाला मिळत नाही, आणि गाळ नोझलमध्ये अडकतो. म्हणून फेरस सल्फेट लागेल तेवढंच आणि फवारायच्या वेळीच करायचं, त्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालायचं, म्हणजे दोनाचं तीन व्हायला वेळ लागतो. पोरांना गृहपाठाला मी हेच देते : घरच्या पिंपातलं द्रावण सकाळी कसं होतं, संध्याकाळी कसं झालं ते बघून या, आणि दोन्ही वेळचं लोखंडाचं संरूपण वहीत लिहून आणा.